कॉलेज फुटबॉल: 'होम गेम' दुसऱ्याच शहरात, हे कुणाच्या भल्यासाठी?

ओझार्कवासी

शुक्रवारी, २८ नोव्हेंबर २०२५ ला, अटलांटात जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक या दोन युनिव्हर्सिट्यांच्या संघांचा सामना झाला. जॉर्जियाने तो १६-९ असा जिंकला. कागदावर हा टेकचा होम गेम होता, पण तो टेकच्या बॉबी डॉड स्टेडियममध्ये झाला नाही. झाला मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या फाल्कन्स संघाच्या मैदानावर. त्यासाठी टेकला सुमारे १ कोटी डॉलर मिळणार अशा बातम्या हंगामाच्या आधीच आल्या होत्या. इथे अमेरिकेत शिकलेले आणि मुलांना इथल्या कॉलेजात घातलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना हा खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉलेजच्या संघाला नियमित हंगामात १२ सामने मिळतात. त्यातले सहा-सात घरी. फेएटव्हिल, ऑबर्न, नॉर्मन, अथेन्स ही लहान शहरं, आणि त्यांचं वर्षाचं अर्धं गणित या सहा-सात शनिवारांवर चालतं. हॉटेलं, खानावळी, टी-शर्टवाले, आपलं अंगण पार्किंगला भाड्याने देणारे घरमालक, सगळ्यांची कमाई याच दिवसांत होते. विद्यार्थी वसतिगृहातून चालत मैदानात जातात. पंधरा वर्षांपूर्वी शिकून गेलेली माणसं पोरंबाळं घेऊन परत येतात. असा एक शनिवार उचलून दोन-चारशे किलोमीटरवरच्या मोठ्या शहरात नेला, तर ही सगळी माणसं त्यातून वगळली जातात. माझा आक्षेप तिथे आहे.

पण सगळे तटस्थ मैदानावरचे सामने मी एका मापाने मोजत नाही. काही सामने दोन संघांनी पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेले आहेत: तिकिटं निम्मी-निम्मी, शहर ठरलेलं, आठवडा ठरलेला. डॅलसमधला टेक्सास-ओक्लाहोमा, जॅक्सनविलमधला फ्लोरिडा-जॉर्जिया. त्या सामन्यांचं घर तेच आहे. काही सामने मात्र विकलेले असतात. यंदा पैसे मिळाले म्हणून तिकडे, पुढच्या वर्षी कुणी जास्त दिले तर आणखी कुठे.

मी राहतो त्या आर्कान्सामध्ये या प्रश्नाचा मोठा इतिहास आहे, तो सांगतो. युनिव्हर्सिटी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, फेएटव्हिलला. राजधानी लिटल रॉक राज्याच्या मध्यभागी, सुमारे ३०० किलोमीटरवर. राज्यात एनएफएलचा संघ नाही, त्यामुळे युनिव्हर्सिटीचे रेझरबॅक्स म्हणजे साऱ्या राज्याचा संघ. १९४८ मध्ये लिटल रॉकला वॉर मेमोरियल स्टेडियम उभं राहिलं आणि नंतरची अनेक दशकं रेझरबॅक्सचे 'घरचे' सामने दोन्हीकडे होत राहिले. मोठे सामने बहुधा लिटल रॉकलाच. डेल्टाच्या बाजूचा शेतकरी किंवा दक्षिणेकडच्या लाकूड गिरणीतला कामगार फेएटव्हिलपर्यंत कसा येणार? वाटेत ओझार्क डोंगररांगेतले बोस्टन माउंटन्स लागतात, आणि त्यातून वळणावळणाने जाणारा हायवे ७१ अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. १९९९ मध्ये डोंगरातून बोगदा काढून नवा इंटरस्टेट सुरू झाला आणि प्रवास बदलला. त्याच सुमाराला ॲथलेटिक डायरेक्टर फ्रँक ब्रॉयल्स यांनी फेएटव्हिलचं मैदान वाढवून ७२ हजारांचं करण्याचं ठरवलं. वॉर मेमोरियल सुमारे ५४ हजारांचं. मग लिटल रॉकचे सामने कमी करायचे की नाही यावर राज्यभर मोठा वाद पेटला. शेवटी थोडे सामने तिकडे ठेवायची तडजोड झाली आणि पुढे तो आकडा घटतच गेला.

लिटल रॉकचे लोक २९ नोव्हेंबर २००२ ची आठवण अजून काढतात. एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट) शेवटची काही सेकंद उरलेली असताना मॅट जोन्सने डीकोरी बर्मिंगहॅमला ३१ यार्डांचा टचडाऊन पास (समोरच्या टोकाला चेंडू पोचवून गुण मिळवणारी फेक) दिला आणि आर्कान्सा २१-२० ने जिंकलं. स्टेडियम मार्कम स्ट्रीटवर आहे, म्हणून लोक त्याला 'मार्कमचा चमत्कार' म्हणतात. ज्यांना हा संघ एरवी फक्त रेडिओवर भेटायचा, त्यांच्या दारात हे घडलं. त्यामुळे लिटल रॉकचे सामने मी विकलेल्यांत धरत नाही.

डॅलसजवळच्या आर्लिंग्टनचं मात्र वेगळं. २००९ मध्ये तिथे एनएफएलच्या डॅलस काउबॉयजचं नवं स्टेडियम उघडलं. त्याचे मालक जेरी जोन्स १९६४ च्या अपराजित आर्कान्सा संघातले खेळाडू. आर्कान्सा आणि टेक्सास ए अँड एम यांचा सामना तिथे ठेवायचं ठरलं, आणि मधली काही वर्षं सोडली तर २०२४ पर्यंत तो तिथेच होत राहिला. ज्या वर्षी आम्ही 'यजमान', त्या वर्षी फेएटव्हिलला कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या संघांविरुद्धचे, चारऐवजी तीनच सामने. आमच्या गावातून एक मोठा शनिवार गेला आणि समोरचा संघ त्याच्याच राज्यात खेळला. २०१२ ते २०२० सलग हरलो हे वेगळंच. यंदा ऑक्टोबरमध्ये ए अँड एमचा संघ फेएटव्हिलला आला. ४५-४२ असे हरलो, तरीही गावात जो उत्साह होता तो आर्लिंग्टनच्या छताखाली कधी दिसला नव्हता.

तुमच्या कॉलेजचं काय? लिहा.

कोथरूडकर

हा खेळ मला फार कळत नाही, पण मुद्दा नीट कळला. २०१८ मध्ये आपल्या गहुंज्याला असंच झालं होतं. कावेरीच्या प्रश्नावरून चेन्नईत आंदोलनं पेटली, सुपर किंग्जचा एक सामना चेपॉकला झाला आणि बाकीचे घरचे सामने पुण्याला हलवले. चेन्नईहून चाहत्यांसाठी खास रेल्वे सोडली होती. स्टेडियम पिवळं व्हायचं आणि त्यात पुणेकरही भरपूर असायचे, कारण धोनी आदल्या दोन वर्षी पुण्याच्या संघातून खेळला होता. त्याआधी २०१६ मध्ये दुष्काळामुळे हायकोर्टाच्या आदेशाने महाराष्ट्रातले सामने बाहेर गेले आणि पुण्याच्या संघाचं घर विशाखापट्टणमला हललं. दोन्ही वेळा नाइलाज होता. तुमच्याकडे स्वतःचं मैदान धड असताना संघ बाहेर जातो, हे मला नवीन आहे. मग विद्यार्थ्यांना तिकीट कसं मिळतं?

ओझार्कवासी

@कोथरूडकर, कॅम्पसवर विद्यार्थ्यांसाठी एक मोठा भाग राखलेला असतो आणि दर अगदी कमी असतो. बाहेरच्या मैदानावर तो कोटा बराच लहान होतो, शिवाय प्रवास आणि राहणं स्वतःच्या खर्चाने. ज्याच्याकडे गाडी नाही तो आपोआप गळतो. आपल्याकडून शिकायला आलेल्या मुलांपैकी पहिल्या वर्षी किती जणांकडे गाडी असते?

लाल_नदी

मी डॅलसच्या उत्तरेला राहते. टेक्सास-ओक्लाहोमा सामन्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तटस्थ मैदान योग्य असण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ऑस्टिन आणि नॉर्मन यांच्या साधारण मधोमध डॅलस आहे, दोन्हीकडून तीन-सव्वातीन तासांचा रस्ता. १९२९ पासून दरवर्षी हा सामना इथेच होतो. कॉटन बोल स्टेडियम फेअर पार्कमध्ये आहे, आणि सामना टेक्सासच्या राज्य जत्रेच्या दिवसांत असतो. म्हणजे स्टेडियमच्या दारापर्यंत पोचायचं तर जत्रेतूनच जावं लागतं: पाळणे, गुरांचं प्रदर्शन, काडीवरचे कॉर्नी डॉग, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवून असलेला बिग टेक्सचा उंच पुतळा. आत ९२ हजारांच्या आसपास माणसं. मैदानाच्या मधल्या, पन्नास यार्डांच्या रेषेवर स्टेडियम उभं चिरल्यासारखं दिसतं. एका बाजूला पूर्ण गडद नारिंगी, दुसऱ्या बाजूला पूर्ण लाल. दोन्ही संघ एकाच बोगद्यातून मैदानात येतात. एका टचडाऊनला अर्धं स्टेडियम उभं राहतं आणि उरलेलं अर्धं गप्प बसतं. हे कॅम्पसवर कधीच दिसणार नाही, कारण तिथे पाहुण्यांना कोपऱ्यातली थोडी तिकिटं मिळतात.

काउबॉयजचं नवं स्टेडियम झालं तेव्हा सामना तिकडे न्यावा अशी चर्चा झाली होती. छत, वातानुकूलन, आलिशान सुईट, सगळं तिथे आहे. तरी दोन्ही युनिव्हर्सिट्या कॉटन बोललाच राहिल्या आणि आता करार २०३६ पर्यंत आहे. ओझार्कवासींचा 'वाटून घेतलेला' हा शब्द मला पटला. इथे कुणीच पाहुणा नसतो.

यलो_जॅकेट

मी टेकचा. मास्टर्स तिथेच केलं. धागा आमच्यावरून सुरू झालाय म्हणून लिहितो.

लोक म्हणतात, एवढं काय, मर्सिडीज-बेंझ स्टेडियम कॅम्पसपासून दोन-तीन किलोमीटरवर तर आहे. अंतराचा प्रश्न नाहीच. बॉबी डॉडच्या जागेवर १९१३ पासून फुटबॉल खेळला जातो. आजूबाजूला वसतिगृहं, फ्रॅटर्निटीची घरं, मागे अटलांटाच्या उंच इमारती. सामन्याआधी 'रॅम्बलिंग रेक' ही १९३० ची फोर्ड गाडी मैदानात धावते आणि तिच्यामागून संघ येतो. जॉर्जियाविरुद्धचा सामना दोन वर्षांतून एकदाच आमच्या घरी असतो. जॉर्जियाचे चाहते राज्यभर पसरलेले आहेत, आमचे त्या मानाने कमी. मैदान जितकं मोठं, तितकी त्यांची लाल गर्दी जास्त. बॉबी डॉड ५०-५२ हजारांचं आहे, फाल्कन्सचं ७० हजारांच्या वर. म्हणजे जादा जागा कुणी भरल्या असतील हे सांगायला नको.

आणि यंदा तर संघ बऱ्याच वर्षांनी खऱ्या अर्थाने चांगला खेळत होता. सात गुणांनी हरलो. आपल्या मैदानावर, आपल्या पोरांच्या आवाजात तो सामना कसा झाला असता, हा प्रश्न माझ्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर अजून चालू आहे.

हिशेबनीस

सगळे भावनेने लिहीत आहेत, आणि ती भावना खरी आहे. पण पैशाची बाजूही समजून घ्यायला हवी, नाहीतर विकणाऱ्यांवर आपण अन्याय करू.

१ जुलै २०२५ पासून युनिव्हर्सिट्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. न्यायालयात झालेल्या तडजोडीनुसार पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक युनिव्हर्सिटीला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ज्यांना पहिल्या फळीत टिकायचंय त्यांना ही रक्कम कुठून तरी उभी करावी लागणार. टेकला एका सामन्यातून १ कोटी मिळाले असतील, तर तो या मर्यादेचा जवळजवळ निम्मा भाग झाला. त्याच खात्यातून पोहणं, टेनिस, मुलींचं व्हॉलीबॉल, ट्रॅक असे पैसे न मिळवणारे खेळही चालतात. सामना हलवला नाही तर कदाचित त्यातलंच काही बंद करावं लागेल. मग कोणता निर्णय जास्त विद्यार्थ्यांच्या हिताचा?

दुसरं म्हणजे, हे आजचं नाही. इंडियानाने २०१० मध्ये पेन स्टेटविरुद्धचा स्वतःचा होम गेम वॉशिंग्टनजवळच्या लँडओव्हरला नेला, ३० लाख डॉलरसाठी. तेव्हा इंडियानाचं मैदान भरत नव्हतं आणि अशा संघाला हे पैसे मोठे होते.

यलो_जॅकेट

@हिशेबनीस, लँडओव्हरचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. त्या दिवशी 'यजमान' इंडियाना, आणि स्टँडमध्ये बहुतेक सगळे पेन स्टेटचे. ते ४१-२४ ने जिंकले. त्यांच्या घरी, ब्लूमिंग्टनमध्ये, त्या मुलांच्या पाठीशी निदान त्यांचे वर्गमित्र तरी असते. आज इंडियाना कुठे आहे पाहा. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आल्यापासून त्यांचं मैदान भरतंय. संघ चांगला केला, लोक घरीच आले. सामना विकून मिळालेले पैसे त्या वर्षापुरते असतात.

पोहण्याच्या संघाबद्दल तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण निवड करायचीच असेल तर एखादा कमी महत्त्वाचा सामना न्या. शंभर वर्षांचं वैर बाहेर नेऊ नका.

बर्मिंगहॅमचा_पाहुणा

मी पीएचडीच्या निमित्ताने बर्मिंगहॅमला राहिलोय. अलाबामा आणि ऑबर्न यांच्या 'आयर्न बोल' सामन्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

या दोन संघांचं १९०७ नंतर इतकं फाटलं की ते ४० वर्षं एकमेकांशी खेळलेच नाहीत. १९४८ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा कुणाच्याच कॅम्पसवर नको म्हणून बर्मिंगहॅमचं लिजन फील्ड निवडलं. तिकिटं निम्मी-निम्मी. १९८८ पर्यंत दरवर्षी तिथेच. अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी १९८१ मध्ये ३१५वा विजय मिळवून विक्रम केला तोही याच सामन्यात, याच मैदानावर.

पण ऑबर्नच्या माणसाला विचारा ते मैदान तटस्थ होतं का. अलाबामा आपले बाकीचे कित्येक मोठे होम गेमही लिजन फील्डवरच खेळायचं. अलाबामाचं टस्कलूसा तिथून तासाभरावर, ऑबर्न त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. ऑबर्नच्या लेखी तो दरवर्षीचा बाहेरचा सामना होता, फक्त काही वर्षी यजमान म्हणून त्यांचं नाव लागायचं. ऑबर्नचे प्रशिक्षक पॅट डाय यांनी ठामपणे सांगितलं की आमचा होम गेम आमच्या घरी होईल. बरीच ओढाताण झाली. २ डिसेंबर १९८९ ला अलाबामाचा संघ पहिल्यांदा ऑबर्नच्या जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये उतरला. अलाबामा त्या हंगामात तोवर अपराजित होतं. ऑबर्नने ३०-२० ने हरवलं. ऑबर्नचा संघ स्टेडियमकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक रडत होते, असं त्या पिढीतल्या ऑबर्नच्या लोकांकडून मी ऐकलंय.

तडजोड म्हणून ऑबर्नने १९९१ चा आपला सामना पुन्हा लिजन फील्डवर खेळला, मग १९९३ पासून कायम घरी. अलाबामानेही २००० मध्ये आपला सामना टस्कलूसाला नेला, आणि तो पहिलाच सामना ९-० ने हरले! लिजन फील्डवर अलाबामाचा शेवटचा होम गेम २००३ मध्ये झाला. पुढे त्या मैदानाचा वरचा मजला पाडावा लागला.

म्हणून 'वाटून घेतलेला' हा निकष चांगला असला तरी त्यात एक अट घालतो: दोघांनाही तसं वाटायला हवं. एकाला ते घर वाटतं आणि दुसऱ्याला वाटत नाही, तर तो सामना तिथे फार टिकत नाही आणि टिकूही नये.

ओझार्कवासी

@बर्मिंगहॅमचा_पाहुणा, ही अट मान्य. आमच्या आर्लिंग्टनला हीच अडचण होती. डॅलसमध्ये आर्कान्साचे पुष्कळ माजी विद्यार्थी आहेत, त्यांना तो सामना प्यारा होता. फेएटव्हिलला तो कधीच आपला वाटला नाही.

पलूस_ते_पुलमन

माजी विद्यार्थ्यांचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो, आणि थोडा विरोधात लिहितो.

वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी पुलमनला आहे. चहूकडे गव्हाच्या टेकड्या, आणि आयडाहोची हद्द हाकेवर. सिॲटल सुमारे साडेचारशे किलोमीटर, मध्ये कॅस्केड पर्वत. शिकून झाल्यावर नोकरीसाठी बहुतेक जण सिॲटललाच जातात. २००२ ते २०१४ या काळात संघ बऱ्याच वर्षी एक होम गेम सिॲटलला, एनएफएलच्या सीहॉक्सच्या स्टेडियममध्ये खेळायचा. माझ्यासारख्या नोकरीत अडकलेल्या माणसाला तो एक दिवस मिळायचा. लहान मुलं असलेल्या घरांना पुलमनची फेरी म्हणजे पूर्ण शनिवार-रविवार आणि दोन रात्रींचं हॉटेल. सिॲटलचा सामना म्हणजे दुपार. तो बंद झाला याचं मला वाईट वाटलं.

कॅम्पसवरचा विद्यार्थी महत्त्वाचा, हे मान्य. पण कॉलेज फक्त आजच्या चार वर्षांतल्या मुलांचं असतं का? ज्यांच्या देणग्यांवर हे चालतं आणि जे वर्षानुवर्षं हरणाऱ्या संघाबरोबर राहतात, त्यांच्या शहरात संघाने एकदा यावं एवढी अपेक्षा जास्त नाही. लिटल रॉकला तुम्ही हीच सूट दिलीत, ती आम्हालाही द्या.

ओझार्कवासी

दिली. फरक एवढाच पाहायचा की समोर कोण आहे आणि स्टँडमध्ये कोण बसणार. सिॲटलला तुमचेच लोक जमायचे. यंदा आमचा आर्कान्सा स्टेटविरुद्धचा सामनाही लिटल रॉकला झाला. एकाच राज्यातले हे दोन संघ त्याआधी कधीच एकमेकांशी खेळले नव्हते. राज्यातले दोन्हीकडचे लोक वॉर मेमोरियलला आले. असा सामना तिथे होण्याला माझा काहीच विरोध नाही.

बँडची_आई

बँडबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मुलगी क्लॅरिनेट वाजवते. मार्चिंग बँडमध्ये दोन-तीनशे मुलं असतात, उन्हाळ्यापासून सराव करतात आणि त्यांना पैसे मिळत नाहीत. होम गेमला पूर्ण बँड असतो. सामना लांब गेला की बसगाड्या, जेवण, राहणं यांचा खर्च येतो, म्हणून बऱ्याचदा निवडक मुलंच नेतात. उरलेल्यांचा 'होम गेम' टीव्हीवर, आणि टीव्हीवर हाफ टाइमला बँड दाखवतच नाहीत. सामना बाहेर न्यायचाच असेल तर करारात पूर्ण बँडचा खर्च लिहून घ्या, एवढंच माझं म्हणणं.

आणि बँड केंद्रस्थानी ठेवणारा तटस्थ मैदानावरचा सामना पाहायचा असेल तर न्यू ऑर्लीन्सचा बायू क्लासिक पाहा. ग्रॅम्बलिंग आणि सदर्न, लुइझियानातल्या या दोन कृष्णवर्णीय युनिव्हर्सिट्या, १९७४ पासून थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी तिथे भिडतात. दोन्ही बँडची स्पर्धा हा स्वतंत्र सोहळा असतो. कॅट्रिना वादळाच्या वर्षी सामना ह्यूस्टनला न्यावा लागला, पण पुढच्याच वर्षी परत आला. ग्रॅम्बलिंग हे उत्तरेतलं छोटं गाव आहे. एवढी माणसं तिथे मावणार नाहीत. कुटुंबंच्या कुटुंबं दर वर्षी न्यू ऑर्लीन्सला एकत्र जमतात.

शिकागो_व्हाया_सातारा

नाइलाजाची उदाहरणंही नोंदवून ठेवू. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचं रायन फील्ड पाडून नवं बांधायला घेतलं, म्हणून २०२४ आणि २०२५ मध्ये त्यांनी तळ्याकाठी सुमारे १२ हजारांचं तात्पुरतं मैदान उभारलं आणि काही सामने रिगली फील्डवर खेळले. कॅन्ससने २०२४ चे सगळे होम गेम कॅन्सस सिटीला खेळले, कारण तेच. यावर कुणाची तक्रार असू नये.

रिगली हे बेसबॉलचं मैदान, त्यात फुटबॉल जेमतेम मावतो. २०१० मध्ये नॉर्थवेस्टर्न-इलिनॉय सामन्याला पूर्वेकडचा एंड झोन (टोकाची, गुण मिळवायची पट्टी) भिंतीला इतका लागून होता की खेळाडूंच्या सुरक्षेसाठी आदल्या दिवशी नियम बदलला आणि दोन्ही संघांनी आक्रमण एकाच, पश्चिमेच्या दिशेने करायचं ठरलं. प्रत्येक वेळी चेंडू ताब्यात आला की सगळे फिरून उभे! मैदान ऐतिहासिक आहे म्हणून काहीही खपवायचं, याला मर्यादा हवी. पोरांच्या डोक्याचा प्रश्न असतो.

हिशेबनीस

वर कुणी जॅक्सनविलबद्दल विस्ताराने लिहिलं नाही. तिथलं एक कारण पैशापलीकडचं आहे. फ्लोरिडा-जॉर्जिया १९३३ पासून जवळजवळ दरवर्षी तिथे होतो. १९९४ आणि १९९५ मध्ये स्टेडियमच्या कामामुळे कॅम्पसवर झाला. त्यातला जॉर्जियाच्या घरचा, अथेन्सचा सामना फ्लोरिडाने ५२-१७ ने जिंकला, हे जॉर्जियावाले अजून विसरले नाहीत. आता पुन्हा काम निघालंय, म्हणून २०२६ ला अटलांटा आणि २०२७ ला टॅम्पा.

जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी मात्र अनेकदा उघड सांगितलंय की सामना कॅम्पसवर आणायला आपल्याला आवडेल. कारण भरती. शाळेतले उत्तम खेळाडू मोठ्या सामन्याला कॅम्पसवर बोलावून जसे फिरवता येतात, तसं नियमानुसार तटस्थ मैदानावर करता येत नाही. वर्षातला सगळ्यात मोठा सामना, आणि ज्या मुलाला दाखवायचा तोच तिथे नाही. वाटून घेतलेल्या सामन्यालाही ही किंमत आहे.

त्यात या संघांची कॉन्फरन्स, एसईसी, २०२६ पासून नऊ कॉन्फरन्स सामन्यांवर जातेय. इतरांना एका वर्षी पाच घरी, दुसऱ्या वर्षी चार. डॅलस आणि जॅक्सनविलवाल्यांना दरवर्षी चार घरी, चार बाहेर, एक मध्ये. म्हणजे पाच सामन्यांचं वर्ष त्यांना कधीच नाही.

लाल_नदी

चार घरी चालतील. डॅलस सोडणार नाही, हे माझ्या ओळखीतले दोन्हीकडचे लोक सांगतात.

उलट ज्यांचं स्वतःचं मैदानच नाही त्यांची काळजी वाटते. लॉस एंजेलिसची यूसीएलए युनिव्हर्सिटी १९८२ पासून पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये खेळतंय, कॅम्पसपासून चाळीसेक किलोमीटरवर. करार २०४४ पर्यंत आहे. आता त्यांना सोफाय स्टेडियमला जायचंय, आणि ऑक्टोबरमध्ये पॅसाडेना शहराने कोर्टात धाव घेतली. तिथे कॅम्पसवर परत जाण्याचा पर्यायच नाही. दोन भाड्याच्या घरांतलं कुठलं आपलं, हे ठरवायचंय. माझ्या मते रोझ बोल, कारण तिथे दोन पिढ्या येऊन बसल्या आहेत.

कोथरूडकर

पुतण्या पुढच्या ऑगस्टमध्ये डॅलसला एमएसला येतोय. लाल_नदीताई, त्याला तो जत्रेतला सामना दाखवायचा तर काय करावं लागेल?

लाल_नदी

सामना ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी असतो, बहुतेक वर्षी सकाळी ११ ला सुरू. तिकिटं मुख्यतः दोन्ही युनिव्हर्सिट्यांमार्फत जातात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला पुनर्विक्रीच्या साइटवरूनच घ्यावं लागतं आणि ते महाग असतं. सामन्याच्या तिकिटातच जत्रेचा प्रवेश धरलेला असतो. गाडी नेऊ नये. डार्ट या शहरी रेल्वेची ग्रीन लाइन थेट फेअर पार्कला थांबते, पण त्या दिवशी डबे खच्चून भरलेले असतात, म्हणून आठच्या आधी निघायला सांगा. तिकीट नाही परवडलं तर नुसता जत्रेचा प्रवेश घेऊन यावं. आवाज बाहेरपर्यंत येतो, आणि सामना संपल्यावर जिंकलेल्यांचा आणि हरलेल्यांचा लोंढा एकाच रस्त्याने जत्रेत शिरतो. कपडे नारिंगी घालायचे की लाल, ते मात्र आधी ठरवून यायला सांगा.